फेर्मिनचा डावा पाय

हेबेर खाटीक कुत्रा परत घेऊन आला तेव्हा नेलिदा पायरीवर बसून 'माते' नावाचा कडू चहा नळीनं ओढत होती. हेबेरच्या एका काखेत फेर्मिन होता, दुसऱ्या काखेत फेर्मिनची चटई.

"नेलिदाबाई, कुत्रा गुणी आहे. माझ्या पोरांपेक्षा गुणी आहे. पण माझ्याकडे नको."

"चावला का?"

"चावला असता तर समजावलं असतं. मी मांस कापायला उभा राहिलो की हा उडी मारून ठोकळ्यावर चढतो, डावा पाय पुढे करतो आणि तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसतो. समोर गिऱ्हाईक, माझ्या हातात सुरा. काल कोपऱ्यावरची म्हातारी विचारते, 'हेबेर, हा कसा दिला?'"

नेलिदाला हसू आलं, ते तिनं चहाबरोबर गिळलं.

फेर्मिन जन्मापासून प्रयोगशाळेत वाढला होता. पांढरा कोट दिसला की टेबलावर चढायचं, डावा पाय द्यायचा, सुई टोचून होईपर्यंत दुसरीकडे बघायचं आणि मग बिस्किट खायचं, एवढंच जग त्याला ठाऊक होतं. हेबेर दुकानात पांढरा डगला घालतो हे सगळ्या कापुर्रो वस्तीला माहीत होतं. पण नेलिदा त्याचं घर बघायला गेली रविवारी, आणि रविवारी हेबेर बनियनवर असतो.

नेलिदानं सारी नोकरी टपाल खात्यात काढली होती. कितीही गिचमिड पत्ता असो, ती पत्र बरोबर दारात पोचवायची. म्हणून प्रयोगशाळेनं आपले प्राणी सोडायचे ठरवले, तेव्हा घरं शोधायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं. बाकीची सगळी कुत्री मार्गी लागली. दोन मांजरांपैकी एक पाद्रीबाबांकडे गेलं आणि दुसरं नेलिदाच्याच स्वयंपाकघरात, तराजूच्या ताटलीत झोपू लागलं, कारण प्रयोगशाळेत लहानपणापासून त्याला रोज वजनाला तराजूतच बसवलेलं. राहिला एकटा फेर्मिन. त्याची पांढऱ्या कोटाची सवय सुटली असं नेलिदानं कळवलं नाही, तर प्रयोगशाळा त्याला एका दुसऱ्या संस्थेला देणार होती. तिथेही पांढरेच कोट होते.

या खेपेला नेलिदानं घर अगदी पारखून निवडलं. वाल्देमार नावाचे गृहस्थ बंदरावर यंत्रं दुरुस्त करायचे, आता निवृत्त होते. बायको गेल्यापासून एकटेच.

"घरात पांढरे कपडे किती?" नेलिदानं विचारलं.

वाल्देमारनी असा चेहरा केला, जणू तिनं घरात उंदीर किती असं विचारलं होतं. "अहो, मी पेन्यारोलवाला, पिवळ्या-काळ्या फुटबॉल संघाचा. आमच्या वैऱ्यांचा, नासिओनालचा पांढरा सदरा घालून बहिणीला बघायला आलेल्या पोराला माझ्या बापानं दारातून परत पाठवलं होतं. बहीण अजून बोलत नाही माझ्याशी. या घरात चादरीसुद्धा पिवळ्या."

नेलिदानं तरी कपाट उघडून बघितलं. पिवळं आणि काळं. जणू गांधीलमाश्यांचं पोळं.

"डॉक्टर येतात का घरी?"

"छे. सुई नुसती बघितली तरी मला..." वाल्देमार थांबले. "म्हणजे गरजच पडत नाही."

"समोर काय आहे?"

"शाळा. आता उन्हाळ्याची सुट्टी आहे. मार्चपर्यंत चिडीचूप."

"छान. मुलं असलेली बरी," नेलिदा म्हणाली.

त्या शाळेत वाल्देमार स्वतः गणवेशाचा पांढरा अंगरखा घालून, गळ्याशी निळी फीत बांधून गेले होते. नेलिदानं तर आपल्या तीन मुलांचे अंगरखे वर्षानुवर्षं खळ घालून इस्त्री केले होते. तरी दोघांच्याही डोक्यात काही आलं नाही. रोजच्या गोष्टीला रंग नसतो.

दोन महिने दृष्ट लागण्यासारखे गेले. फेर्मिन जिना चढायला शिकला, गवतावर पाय टेकायला शिकला, समुद्रपक्ष्यांवर भुंकायला शिकला. वाल्देमारही शिकले. इतकी वर्षं सकाळी रेडिओशी बोलायचे, आता त्यांना ऐकणारं कुणीतरी होतं, आणि तेही कान हलवून.

मार्चमध्ये उन्हाळा सरला आणि शाळा उघडली. सकाळी फेर्मिन खिडकीत बसला होता. रस्त्याच्या दोन्ही टोकांकडून पांढरे कोट येऊ लागले. एक, दोन, मग झुंडी. असे आणि इतके त्यानं आयुष्यात बघितले नव्हते. लग्नघरात पंगत बसावी आणि वाढायला आपण एकटेच असावं, तसा तो क्षणभर गांगरला. मग कर्तव्याला जागला. खिडकीतून उडी, फाटकाखालून आत, पहिलीचा वर्ग, पहिलं बाक. डावा पाय पुढे, तोंड भिंतीकडे.

बाकावरच्या मुलीनं डब्यातलं बिस्किट काढून दिलं. फेर्मिन उतरला आणि दुसऱ्या बाकावर चढला.

मुख्याध्यापिका मिर्ताबाई आल्या तेव्हा तिसरी रांग चालू होती. मागून पिवळ्या-काळ्या सदऱ्यात, एका पायात चप्पल घातलेले वाल्देमार.

"हा तुमचा विद्यार्थी का?" बाईंनी विचारलं.

"माफ करा बाई. उद्या बांधतो."

बांधला, तर पट्ट्यातून मान काढून गेला. खिडकी लावली, तर दिवसभर जेवणाच्या टेबलावर पाय पुढे करून बसून राहिला. समोर कुणी नाही, तरी पाय पुढेच. वाल्देमारना बघवेना. तिसऱ्या दिवशी त्यांनीच खिडकी उघडली. मिर्ताबाई पहिले काही दिवस ओरडल्या, मग पहिलीतलं कुणी उशिरा येईनासं झालं हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्या दुसरीकडे बघू लागल्या.

नेलिदाचा फोन आला. "सगळं ठीक?"

"अगदी. शाळेत जातो."

"कोण?"

"म्हणजे... शिकतोय हो हळूहळू."

नेलिदानं फोन ठेवला, पिशवीत पट्टा टाकला, फेर्मिनला फूस लावायला बिस्किटाचा पुडा टाकला आणि बस पकडली.

शाळेच्या फाटकातून तिला पांढरे अंगरखे दिसले, आणि त्यांच्यामधे बाकावर डावा पाय पुढे करून बसलेला फेर्मिन. "शाळा," ती कठड्यावर बसून म्हणाली. "पांढऱ्या कोटापासून लांब ठेवायला घर शोधत होते, आणि पत्ता दिला तो हा."

"तो कुणाला त्रास देत नाही," मागोमाग आलेले वाल्देमार म्हणाले.

"अहो वाल्देमार, तो अजून टेबलावर चढतोय. मला प्रयोगशाळेला खोटं कळवता येणार नाही."

"मग मलाही न्या. चढेन टेबलावर. एरवी सकाळी उठून करायचंय काय?"

एवढ्यात आतून रडारड ऐकू आली. सर्दी-तापाची लस टोचायला परिचारिका आली होती. अंगणात टेबल, टेबलावर सुया, टेबलामागे खराखुरा पांढरा कोट. अख्खी पहिली एकमेकांच्या पाठीमागे लपत होती, त्यामुळे पुढे कुणीच उरलं नव्हतं.

आणि फेर्मिननं तो कोट बघितला.

नेलिदा पट्टा काढून धावली, पण तो टेबलावर पोचलासुद्धा होता. डावा पाय पुढे, तोंड भिंतीकडे. परिचारिकेनं त्याच्याकडे बघितलं, कानात गोंदलेला प्रयोगशाळेचा निळा आकडा बघितला आणि सुई खाली ठेवली. त्याचा पाय दोन्ही हातांत घेऊन नुसता चोळला. मग खिशातलं बिस्किट दिलं.

रडणं थांबलं. पहिल्या बाकावरची ती मुलगी पुढे आली, डावा दंड उघडा केला आणि तोंड फिरवून भिंतीकडे बघू लागली. झाल्यावर म्हणाली, "बिस्किट." तिच्या मागे रांग लागली, आणि सगळी रांग भिंतीकडे बघत होती.

नेलिदा मात्र फेर्मिनच्या मागच्या टोकाकडे बघत होती. प्रयोगशाळेत ती कितीदा जाऊन त्याच्या पिंजऱ्याशी बसली होती. तिथेही तो असाच पाय द्यायचा, पण शेपूट दगडासारखं असायचं. इथे ते टेबलावरच्या कापसाच्या गुंडाळ्या खाली उडवत होतं.

तिनं पट्टा पिशवीत ठेवला. "कळवते," ती म्हणाली, "की टेबलावर चढतो. पण मजेनं चढतो."

"राहू दे त्याला," मिर्ताबाई म्हणाल्या. "पण एकटा नाही. मोठं माणूस बरोबर हवं, आणि माझ्या शाळेत मोठी माणसंही अंगरखा घालतात." त्यांनी खुंटीवरचा जादा अंगरखा आणून पुढे धरला.

वाल्देमार त्या पांढऱ्या कापडाकडे बघत राहिले. मग आभाळाकडे, जिथे त्यांचा बाप असावा. "वर पिवळी फीत चालेल?"

"निळी."

त्यांनी अंगरखा चढवला. बाह्या कोपरापर्यंतच पोचत होत्या, म्हणून परिचारिकेचं काम सोपं झालं. "बसा आजोबा. तुमच्या वयालाही आहे लस."

वाल्देमारचा रंग अंगरख्याशी जुळला. पण सगळी पहिली बघत होती, आणि टेबलावरून फेर्मिन बघत होता, जरा सरकून जागा करून देत. ते बसले. डावा दंड पुढे केला. तोंड भिंतीकडे फिरवलं.

"झालं," परिचारिका म्हणाली. "उठा आजोबा."

वाल्देमार उठले नाहीत. भिंतीकडेच बघत त्यांनी तळवा पुढे केला.

मुलांची बिस्किटं संपली होती. शेवटचं फेर्मिनच्या तोंडात होतं आणि तो ते परत देण्यातला नव्हता. तेव्हा नेलिदानं पिशवीत हात घातला, फेर्मिनला परत न्यायला आणलेला पुडा फोडला आणि एक बिस्किट वाल्देमारच्या तळव्यावर ठेवलं.