नदीच्या गुळण्या

आकाशवाल्यांचा घसा बसला तो नेमका अशा आठवड्यात, की ज्यात त्यांच्या शब्दाला कधी नव्हे ती किंमत आली होती. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात बसून हे गृहस्थ दिवसभर उपग्रहानं पाठवलेली चित्रं बघत, म्हणून सगळे त्यांना आकाशवाले म्हणत. एरवी त्यांच्या टेबलाकडे कुणी फिरकत नसे. पण दुष्काळ पडला, नदी रोडावली आणि समुद्राचं खारं पाणी खालून नदीत वर सरकू लागलं. ते कुठवर आलंय हे सांगू शकणारा हा एकच माणूस, हे कळल्यावर मोठे साहेब स्वतः खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसू लागले.

आता उपग्रहाला मीठ दिसत नाही, त्याला दिसतो पाण्याचा रंग. कोणत्या रंगात किती मीठ, हे त्याच्या चित्रांना खालून शिकवावं लागतं. त्यासाठी पंपावरचा माणूस आठवड्यातून एकदा होडीनं मधल्या धारेत जाऊन बाटली भरून आणी. आकाशवाले तिच्यावर चिठ्ठी चिकटवून ती प्रयोगशाळेत पाठवत, आणि तिथून आलेला आकडा संगणकात भरत. कामात खोट काढायला जागाच नव्हती, असं त्यांचं स्वतःचं मत होतं.

त्या दिवशी टेबलावर दोन बाटल्या होत्या. एक नदीची. दुसरीही कार्यालयाचीच, पण आकाशवाल्यांनी घरी नेलेली. तिच्यात बायकोनं गुळण्यांसाठी मिठाचं पाणी भरून दिलं होतं. साहेब मागून "झालं का, झालं का" करत होते. त्या घाईत आकाशवाल्यांनी चिठ्ठी चिकटवली, बाटली पाठवली आणि दुसरी घेऊन ते बेसिनपाशी गेले. पहिल्याच गुळणीला त्यांचं तोंड वाकडं झालं. पाणी अगदीच अळणी होतं.

संध्याकाळी घरी गेल्या गेल्या ते बसक्या आवाजात बायकोवर घसरले. "एक मीठ घालायचं तेवढं! तेही तुझ्या लक्षात राहत नाही."

"दोन चमचे घातलंय मी."

"मग गेलं कुठं?"

"ते मला काय विचारता? तुमच्या घशालाच काही कळेनासं झालंय."

मीठ प्रयोगशाळेत गेलं होतं. दुसऱ्या दिवशी तिथल्या बाई धावतच वर आल्या. "अहो, नदी जवळजवळ समुद्राइतकी खारट झालीय! मला काही हे पटत नाही. परत एकदा पाणी मागवू या का?"

"परत कशाला?" साहेब म्हणाले. "तुम्ही आकडा भरा. उपग्रह काय तो निवाडा देईल."

आकाशवाल्यांनी आकडा भरला आणि उपग्रहाच्या चित्रानं शिकवल्याप्रमाणे निवाडा दिला. समुद्रापासून शहरापर्यंतची सबंध नदी पडद्यावर लालभडक झाली. साहेब खुर्चीतून उठलेच. अर्ध्या तासात नदीवरचे पंप बंद झाले आणि सगळं शहर डोंगरामागच्या तलावावर आलं. नळाला एक दिवसाआड पाणी येऊ लागलं, तेही खालच्या मजल्यापर्यंत. शहराच्या तोंडचं पाणी पळालं. गंमत म्हणजे नदीचं पाणी बंद झाल्यानंतरच लोकांना चहा खारट लागू लागला. "मी तर केव्हापासून म्हणतोय," असं प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता.

आकाशवाल्यांच्या शेजारी, तिसऱ्या मजल्यावर, एकट्या काकू राहत. त्यांचे गुडघे दुखत, तरी त्या खालच्या नळावरून बादली भरून जिन्यातून वर आणत, दर चार पायऱ्यांवर ती टेकवत. आकाशवाले दिसले की त्या थांबून म्हणत, "तुझ्यामुळे वाचलो रे बाबा! नाहीतर मीठ पीत बसलो असतो." आकाशवाले घशाकडे बोट दाखवून, मान हलवून पुढे जात. बादली वर पोचवावी असं त्यांच्या मनात येई, पण तेव्हा ते फार मोठ्या कामात होते.

घसा काही सुटला नव्हता. एका सकाळी बायकोनं त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. "या इथं. तुमच्या डोळ्यांदेखत घालते. हा एक, हा दोन. त्या दिवशीही एवढंच घातलं होतं. आता लावा तोंडाला."

आकाशवाल्यांनी गुळणी घेतली. पाणी खारट होतं, अगदी खारट. त्यांच्या डोळ्यांपुढे टेबल आलं, टेबलावरच्या दोन बाटल्या आल्या, आणि गुळणी तोंडातच राहिली.

"थुंका की! काय झालं?" बायको म्हणाली. सगळं ऐकल्यावर तिनं हातातला चमचा खाली ठेवला. "अहो, मग आत्ताच्या आत्ता जाऊन सांगून टाका."

ते सांगायलाच गेले होते. "साहेब, ती बाटली..." एवढं त्यांच्या फाटक्या आवाजात निघालं, तोच साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बोलायचं नाही. घशाला आराम द्यायचा. तुमच्यासारख्या माणसाची गरज आहे आम्हाला."

"नाही, पण नदीचं पाणी परत..."

"काही गरज नाही! वरून दिसतंय की सगळं. होडी कशाला हवी आता? पंपावरची माणसं मी टँकरवर लावलीत."

आकाशवाले गप्प बसले, आणि खरं सांगायचं तर गप्प बसावं लागलं याचं त्यांना बरंच वाटलं. या बरं वाटण्याची त्यांना नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली. कारण त्याच पडद्यावर उपग्रह तलावही दाखवत होता. दर नव्या चित्रात तो निळा ठिपका काठाकाठानं आत सरकत होता, आणि भोवती चिखलाची तपकिरी कड रुंदावत होती. नदीचं पाणी वापराविना समुद्राला जाऊन मिळत होतं आणि शहर तलाव पिऊन संपवत होतं, तेही दोन चमचे मिठापायी. घसा एव्हाना सुटला होता. तरी आकाशवाल्यांनी गळ्याभोवतीचा मफलर काढला नाही.

मग वरच्या कार्यालयातून संचालकबाई आल्या. सभागृहात झाडून सगळे जमले. साहेबांनी लालभडक नदी पडद्यावर लावली, वेळेवर केलेल्या कारवाईचं वर्णन केलं आणि शेवटी म्हणाले, "याचं सगळं श्रेय आमच्या आकाशवाल्यांना. या, दोन शब्द बोला."

टाळ्या पडल्या. आकाशवाले उभे राहिले आणि खाली बघत राहिले.

"अहो, बोला की!" साहेब हसत म्हणाले. "असे मिठाची गुळणी धरून काय बसता?"

आकाशवाल्यांनी दचकून वर पाहिलं. "साहेब," ते खणखणीत आवाजात म्हणाले, "तुम्हाला... तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"गुळणीचं. आमच्या घरून फोन आला होता का?"

सभागृहात कुणाला काही कळेना. पण सगळं कळलंच आहे असं समजून आकाशवाले सुटले. दोन बाटल्या, दोन चमचे, चिठ्ठी, मफलर, त्यांनी काही लपवून ठेवलं नाही.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी हळूच विचारलं, "मग नदीचं पाणी कुठं गेलं?"

"त्याच्या मी गुळण्या केल्या."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. संचालकबाई हसल्या नाहीत. त्यांनी आधी होडी पाठवली आणि बाटली आपल्यासमोर तपासून घेतली. पाणी अगदी गोडं निघालं. पंप लगेच सुरू झाले. साहेबांनी घाईघाईनं बातमीचा मजकूर काढला: 'उपग्रहातील तांत्रिक बिघाडामुळे.' संचालकबाईंनी तो खोडला. "उपग्रहाला तोंड नाही म्हणून त्याच्यावर ढकलताय? जे झालं ते लिहा. गुळणीसकट."

दुसऱ्या दिवशी ते सगळ्या शहरानं वाचलं. आकाशवाले शिव्या खायच्या तयारीनंच घराबाहेर पडले. नाक्यावर दूधवाल्यानं सायकल थांबवली. "काय साहेब, घसा कसा आहे आता?" औषधांच्या दुकानातून आवाज आला, "घसा बरा ना?" बसचा वाहक तिकीट देताना म्हणाला, "घशाला जपा हं." कार्यालयात पंपावरच्या माणसानं तेच विचारलं, लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसानंही तेच. कुणी शिवी दिली असती तर निदान ऐकून घेता आली असती. ते दिवसभर "बरा आहे, बरा आहे" म्हणत राहिले, आणि दर वेळी कान तापत राहिले.

संध्याकाळी जिन्यात काकू बादली टेकवून उभ्या होत्या. वरच्या मजल्यावर पाणी चढायला अजून एक दिवस लागणार होता. आकाशवाल्यांनी बादलीची कडी धरली.

"राहू दे रे, ऑफिसातून दमून आलायस," काकू म्हणाल्या. त्यांनी सकाळीच सगळं वाचलं होतं. "तुझा घसा बरा झाला ना पण?"

घसा ठणठणीत बरा झाला होता. पण त्यातून साधं 'हो' निघेना.