तीन पॉइंट आठची उतरंड

भूकंप झालाच तर भोपाळात सगळ्यात आधी आपल्याला कळेल, याची वसुधाला खात्री होती. ती पाटणची. कोयनेकाठच्या पोरी पाळण्यातच हादरे पचवतात. तिच्या माहेरी भूकंप मोजायला फडताळावर पालथ्या भांड्यांची उतरंड असे. वरची वाटी वाजली तर चहा चालू ठेवायचा, तळाचा तांब्या हलला तर अंगण गाठायचं.

कारखान्याच्या टाउनशिपमध्ये दुसऱ्या मजल्यावर क्वार्टर मिळालं, तेव्हा तिने तशीच चार भांड्यांची उतरंड फ्रिजवर रचली. सात महिन्यांच्या निनादला घेऊन कधी पळायचं, हे कळायला नको?

तिचा नवरा जयंत पंधरा दिवस दौऱ्यावर जाणार होता. एवढी घाबरट मुलगी बाळाला घेऊन एकटी कशी राहणार, म्हणून सासूबाई, शशिकलाबाई, दोघांना न्यायला नागपूरहून आल्या होत्या. वसुधाने राहीन म्हणून ठणकावलं. शेवटी रविवारपर्यंत बघू, असा तह झाला. तोवर दचकायचंसुद्धा नाही, असं तिने ठरवून टाकलं.

शनिवारी दुपारी गेलेली लाइट आली. टीव्ही आपोआप सुरू झाला आणि बातम्या देणारी बाई म्हणाली, अरबी समुद्रात गुजरात किनाऱ्याजवळ हलका भूकंप, तीव्रता तीन पॉइंट आठ. त्याच क्षणी उतरंड खणखणली.

वाटी वाजली, पेला वाजला, डबा वाजला. तांब्या नुसता डुलला. तीन पूर्ण आणि चौथं जवळजवळ. म्हणजे तीन पॉइंट आठच की! समुद्रातला आकडा बिनचूक स्वयंपाकघरात पोचला होता.

ओरडावं तर नागपूर, न ओरडावं तर बाळ. तिने गुपचूप गॅस बंद केला, अर्धवट तेल लावलेला निनाद टॉवेलात गुंडाळला आणि सासूबाईंना म्हणाली, "याला जरा हवा खायला नेते." भर मे महिन्यात, दुपारी.

खाली दुबेभाभी पापड वाळवत होत्या. "क्या हुआ?"

"कुछ नहीं," म्हणत वसुधाने बिल्डिंगकडे बघितलं. मग दुबेभाभींनीही बघितलं. कुछ नहीं म्हणणाऱ्या बाईच्या हातात मोदकासारखं चकाकणारं पोर आणि पायात दोन तऱ्हेच्या चपला! भाभींनी नवऱ्याला हाक मारली, नवऱ्याने स्कूटर उन्हात ओढली, ते पाहून वरचे शांतारामकाका जेवणाचं ताट घेऊनच उतरले. ड्यूटी संपवून जयंत आला तेव्हा अख्खा ब्लॉक कडुलिंबाखाली होता आणि झटके दोन की तीन, यावर वाद पेटला होता.

जयंतने कपाळाला हात लावला. तो म्हणाला, "अगं, तो आकडा भूकंपाच्या मुळाशी किती जोर होता त्याचा. बल्ब साठचा असला तरी उजेड लांब जाईल तसा कमीच होतो ना? हा एवढासा भूकंप, तोही समुद्रात. इथवर मुंगीचीसुद्धा झोप मोडणार नाही."

"मग उतरंड कशी वाजली?"

सगळे वर गेले. एक पाय आखूड असलेला फ्रिज थंड पाण्याने आंघोळ करणाऱ्या माणसासारखा कुडकुडत होता. लाइट आल्यावर तो असाच झटक्याने सुरू झाला होता. जयंतने पायाखाली कागदाची घडी सारली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पिशव्या भरायला घे."

संध्याकाळी लाइट पुन्हा गेली आणि आली. वसुधा आतल्या खोलीत दुपटी पिशवीत कोंबत होती. खणखणाट झाला, पाठोपाठ काहीतरी धाडकन पडलं. घडी सरकली वाटतं, असं म्हणत ती शांतपणे स्वयंपाकघरात आली. तिथे निनादला भात भरवत बसलेल्या सासूबाई नव्हत्या. निनादही नव्हता. दार सताड उघडं.

तिने गॅलरीतून वाकून पाहिलं. सासूबाई कडुलिंबाखाली अनवाणी उभ्या होत्या, कडेवर नातू, हातात भाताचा चमचा.

"आई, फ्रिज आहे. वर या."

दुबेभाभी टक लावून बघत होत्या. सासूबाईंनी पदर सावरला. "माहीत आहे मला. याला जरा हवा खायला आणलंय."

पिशव्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. वर आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "केवढा होता गं?"

तांब्या जमिनीवर लोळत होता. "पूर्ण चार," वसुधा म्हणाली.

गॅस मात्र तिने गॅलरीत जायच्या आधीच बंद केला होता.