ट्रॉलीतली तीन ट्युलिपं

उद्याच्या प्रदर्शनात आपलंच टेबल गाजणार, हे लुबर्टआजोबांनी सकाळपासून सातव्यांदा सांगितलं तेव्हा फ्राउकेआजी बटाटे सोलत होत्या. आधीच्या सहा वेळा त्या कपडे वाळत घालत होत्या. म्हणजे निदान त्यांच्या बाजूने तरी काहीतरी नवीन घडत होतं.

आजोबांचा आत्मविश्वास मात्र हवेतला नव्हता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर निळ्या मखमलीचं खोकं उघडं होतं आणि त्यात पाच नाणी झगमगत होती. दुसऱ्या महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात असताना हॉलंडमध्ये जस्ताची नाणी चालायची, त्यांच्या या हुबेहूब प्रतिकृती. दर महिन्याला पोस्टाने एक यायची, सोबत सोनेरी कडांचं प्रमाणपत्र. एक सेंट, अडीच सेंट, चौकोनी पाच सेंट, तीन ट्युलिपं कोरलेलं दहा सेंट आणि जहाजवालं पंचवीस. प्रमाणपत्रं फ्रेम करून जिन्यात लागली होती. त्यांना जागा करून द्यायला लग्नाचा फोटो माळ्यावर गेला होता.

वेस्टरडीप गावातलं पाच मेच्या स्वातंत्र्यदिनाचं प्रदर्शन रूलॉफ मास्तरांच्या हातात. त्यांच्याकडे खरी नाणी होती, काळवंडलेली, तव्याच्या बुडासारखी. गेल्या वर्षी त्यांनी आजोबांना "खेळण्यातले पैसे आणलेस" म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं. अर्ध्या गावाला मास्तरांनीच शिकवलेलं, उलट कोण बोलणार? यंदा आजोबांनी इतकं डोकं खाल्लं की मास्तर अखेर कबूल झाले: पाचही नाणी असतील तर कोपऱ्यातलं टेबल तुझं. एक जरी कमी असेल तर तिथे गरमागरम गोड वाफल विकणारे बसतील.

आणि चार मेच्या दुपारी आजोबा डुलकी काढून उठले, तर मखमलीवर चार नाणी आणि पाचव्या खाचेत एक लालभडक प्लास्टिकची चकती!

"फ्राउके, ट्युलिपं कुठंयत?"

"अंगणात. यंदा उशिरा फुललीत."

हळूहळू उलगडा झाला. आजी सुपरमार्केटला निघाल्या होत्या. रांगेतली ट्रॉली साखळीतून सोडवायला तिच्या खाचेत नाणं घालावं लागतं, ट्रॉली परत लावली की ते परत मिळतं; आणि पर्समध्ये एकही नव्हतं. त्यांनी आधी चौकोनी नाणं उचललं होतं, पण ते चौकोनी आहे हे वेळेत लक्षात आलं. मग ट्युलिपंवालं नेलं, ते एकदम फिट्ट बसलं. बाहेर पडताना समोरून शेजारची आफकेकाकू आली. मग गावात सगळेच करतात तेच त्यांनी केलं. ट्रॉली परत रांगेत लावायचा खटाटोप कशाला? तिच्या हातातली, नाण्याऐवजी वापरायची चकती घेतली आणि ट्रॉली नाण्यासकट तिच्या हवाली केली. घरी आल्यावर खोक्यातली खाच रिकामी बरी दिसेना, म्हणून चकती तिथे ठेवली.

"अगं, ती युद्धातली आठवण होती!"

"युद्धातली कशी? गेल्या वर्षी मार्चमध्ये पोस्टाने आली ना?"

आजोबांनी सरळ कोट चढवला.

आफकेकाकूंच्या दारात पताका लागल्या होत्या. वाढदिवस! आत एकोणीस माणसं खुर्च्यांचं रिंगण करून बसलेली. आता अशा घरात शिरून कुणी थेट नाण्याचं विचारेल का? आजोबांनी आफकेकाकूंचं अभिनंदन केलं. मग, तिथल्या रिवाजाप्रमाणे, त्यांच्या नवऱ्याचं, बायकोच्या वाढदिवसाबद्दल. मग बहिणीचं, बहिणीच्या वाढदिवसाबद्दल. मग आत्याचं, भाचीच्या वाढदिवसाबद्दल. एका माणसाचं अभिनंदन केल्यावर कळलं की तो बॉयलर दुरुस्त करायला आलाय, पण तोही थँक्यू म्हणाला आणि त्यालाही केक मिळाला. कॉफी आली. केकचा तुकडा आला. आजोबांनी तो दोन घासांत संपवला, तर भूक लागली असेल म्हणून दुसरा आला. आयुष्यभराच्या नोकरीत त्यांनी बोटी जाऊ द्यायला कालव्यावरचा पूल उघडला आणि मिटला होता, त्या बोटींच्या लांबच लांब रांगा पाहिल्या होत्या. पण वेळ इतका तुंबलेला कधी पाहिला नव्हता.

शेवटी विचारलं. आफकेकाकू म्हणाल्या, हो, ते नाणं खाचेत जे रुतलं ते निघेचना. हेअरपिनने खरवडून पाहिलं, मग कंटाळून ट्रॉली तशीच रांगेत सोडली. त्यांना वाटलं, फ्राउकेने कोटाचं बटण घातलंय. एकोणीस माणसं खदाखदा हसली. बॉयलरवाला सगळ्यात जास्त.

सुपरमार्केटसमोर ट्रॉल्यांच्या तीन रांगा होत्या. हुतात्म्यांच्या स्मरणाची संध्याकाळ, त्यामुळे दुकान लवकर बंद होणार होतं. आजोबा कमरेत वाकून एकेक खाच तपासत निघाले, आणि लोकांना वाटलं की ट्रॉल्यांसाठी नवा माणूस ठेवलाय. येणारा-जाणारा आपली ट्रॉली त्यांच्या हातात सोपवू लागला. एका बाईंनी डुगडुगत्या चाकाची तक्रार केली आणि आजोबांनी माफीही मागून टाकली. शेवटी दुकानातली मुलगी बाहेर आली. आजोबा, काय शोधताय, तिने विचारलं.

"तीन ट्युलिपं," आजोबा पाठ धरत म्हणाले.

तिने दाराजवळच्या बादलीतून एक आख्खी जुडी उचलून त्यांना दिली. बंदच करतोय, पैसे नकोत म्हणाली. आजोबा घरी आले ते दहा ट्युलिपं घेऊन, आणि त्यातलं एकही कामाचं नव्हतं.

रात्रीचे आठ म्हणजे मे महिन्यात तिकडे लख्ख उजेडच. दगडी स्मारकापुढे सगळं गाव दोन मिनिटं मूक उभं राहिलं. त्या दगडावर आजोबांच्या थोरल्या काकांचं नाव होतं. तेवढी दोन मिनिटं त्यांना नाणं आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार नाण्यांचं खोकं घेऊन ते प्रदर्शनाच्या सभागृहात गेले. संच अपुरा आहे, टेबल वाफलवाल्यांना द्या, एवढं सांगायला. आजीही बरोबर होत्या, नेहमीपेक्षा चार पावलं मागे.

मास्तर आपल्या काचेच्या पेटीपाशी नवरदेवासारखे उभे होते.

"ये लुबर्ट, असली माल बघ. दहा सेंट, आणि कसं नव्यासारखं राहिलंय! काल सुपरमार्केटच्या ट्रॉलीत रुतलेलं मिळालं, चाकूने काढलं. सांग बरं, कोण अडाणी युद्धातलं खरं नाणं ट्रॉलीत कोंबतो?"

आजी छताकडे पाहू लागल्या.

पेटीत आजोबांची तीन ट्युलिपं चमकत होती. खाली मास्तरांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: 'अस्सल. दुर्मिळ.' नाण्याच्या कडेला 'प्रतिकृती' अशी बारीक अक्षरं होती, चष्मा लावलेल्या कुणालाही दिसली असती. पण मास्तरांचा चष्मा खिशात होता. लोकांसमोर ते तो लावत नसत.

आजोबांनी तोंड उघडलं. मग त्यांना मास्तरांचे सगळे जुने विद्यार्थी दिसले, हातात टोप्या धरून चिठ्ठी वाचणारे. तोंड मिटलं. संच अपुरा आहे, एवढंच म्हणाले.

मास्तरांनी रिकाम्या खाचेकडे पाहिलं, मग आजोबांच्या चेहऱ्याकडे. मास्तरांना दया आली.

"अरे, एवढ्यासाठी तोंड पाडतोस? माझं काळं नाणं तुझ्या संचात शोभायचं नाही, हे चकचकीत घे. पाच वाजेपर्यंत उसनं. पण सांभाळ हं, हे खरं आहे, तुझ्या त्या डब्याच्या पत्र्यासारखं नाही."

आजोबांनी कागदावर सही केली, पांढरे हातमोजे घातले आणि स्वतःचं नाणं दोन बोटांत धरून स्वतःच्या खाचेत ठेवलं. फ्राउकेआजी कानात पुटपुटल्या, सांगून टाक ना त्याला.

"गप्प गं. आज पहिल्यांदा माझ्या नाण्याला कुणी खरं म्हटलंय."

दिवसभर कोपऱ्यातल्या टेबलाभोवती गर्दी होती. वाफलवाल्यांपेक्षा जास्त, असं आजोबा म्हणतात. पाचच्या ठोक्याला त्यांनी नाणं परत केलं आणि मनापासून आभार मानले. मास्तरांनी ते खिडकीपाशी नेलं, उलटंपालटं करून कडेच्या बारीक अक्षरांवर डोळे किलकिले केले आणि आवाज खाली आणून विचारलं,

"लुबर्ट, खरं सांग. बदललं नाहीस ना?"