खाली न पाहणाऱ्या सरदारस्त्रिया

भिंतीवरच्या राणीचे नाक रंगवण्यापूर्वी मन्मथअप्पा तिची परवानगी घेत. "बाईसाहेब, नाकाला हात लावू का?" असे विचारून क्षणभर थांबत आणि मगच कुंचला टेकवत. ते आमच्या शाळेचे निवृत्त चित्रकला शिक्षक. मी इतिहास शिकवतो. त्यामुळे राजघराण्यातील स्त्रियांचे दागिने त्यांना नीट समजावून सांगणे मी माझे कर्तव्य मानत असे. अप्पा मन लावून ऐकत आणि स्वतःला हवे तेच काढत.

लातूरच्या एका मंगल कार्यालयातील जेवणाच्या दालनाची अख्खी भिंत त्यांनी अशा दरबारी स्त्रियांनी भरून काढली. पैठण्या, नथी, मोत्यांचे सर, सारे यथास्थित होते. अडचण एकच होती. प्रत्येकीची नजर सरळ जेवणाऱ्याच्या नजरेला भिडत होती.

"अप्पा, ह्या बाया टक लावून बघून राहिल्या. पाव्हण्याच्या घशाखाली घास उतरंना," मालक म्हणाले.

"मग पाव्हण्यानं मुंडी खाली घालावी. बाया न्हाई घालणार."

"अवो, दरबारातल्या बाया लाजाळू असत्यात!"

"तुम्ही कधी गेल्ता दरबारात?"

मालकांनी निर्वाणीचे सांगितले. पापण्या उतरवा, नाहीतर भिंतीला चुना. अप्पांनी कुंचले धुऊन पिशवीत घातले. दुसऱ्या दिवशी चुन्याची बादली आली, तेव्हा ते भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे राहिले. "आधी मला फासा," म्हणाले.

मी मध्यस्थी केली. "अप्पा, निदान कडेच्या एकीची तरी नजर उतरवा. मालकांचाही मान राहील."

"एकीची उतरवली व्हती, सर. घरचीची." त्यांचे हात हळूहळू खाली आले. "लगीन झाल्यावर शालू नेसवून राणीवानी बसवलं तिला. म्हटलं, खानदानी बाई खाली बघती, तू बी बघ. तिनं ऐकलं. आता ती न्हाई, अन् तिचं तेवढंच एक चित्र हाय. खुर्चीवर चढून बघितलं. फरशीवर उताणं पडून बघितलं. डोळे काही दिसंनात."

मालकांनी बादली पायाने बाजूला सारली आणि वाढप्यांना हाक मारली.

"टेबलं फिरवा रे. पाव्हण्यांची तोंडं पलीकडं करा."