तीन मतांचं सॅडल

आमच्या घरात भांडण होत नाही, आणि नम्रपणे सांगायचं तर त्याचं श्रेय माझं आहे! दरवर्षी मी एक नेम धरते आणि रोज पाळते. या वर्षीचा नेम असा, की कोणी काहीही म्हणो, आपल्या तोंडून ‘नाही’ हा शब्द काढायचा नाही. सहा महिन्यांत घर कसं लोण्यासारखं मऊ झालं होतं. म्हणूनच सासूबाईंच्या गिटारचं काम निघालं तेव्हा मी हळू आवाजात पण ठामपणे म्हणाले, “माझ्यावर सोडा. आठवड्याच्या आत गिटार तुमच्या हातात!”

सासूबाईंनी सत्तरी ओलांडल्यावर गिटार हाती घेतली. दोन वर्षं एकच धून घोटली. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला ती सभागृहात वाजवायची ठरली होती, आणि “या वयात कसलं गं गिटार?” म्हणणाऱ्या त्यांच्या शाळेतल्या मैत्रिणी पहिल्या रांगेत बसणार होत्या. म्हणजे प्रश्न संगीताचा नव्हताच, अब्रूचा होता!

गिटारच्या तारा खाली ज्या बोटभर पांढऱ्या पट्टीवर टेकतात ते सॅडल. त्याच्या खाली, खाचेत, पिकअपची दोरीसारखी बारीक पट्टी असते. ती तारांची थरथर टिपून वायरीतून स्पीकरला पोचवते. मागच्या महिन्यात तारा बदलल्या, तेव्हा ती खाच पुसून सगळं जागच्या जागी ठेवण्याची सेवा मीच मनोभावे केली होती. आणि नेमकी तेव्हापासून, स्पीकर लावला की तिसरी तार सर्दी झाल्यासारखी वाजू लागली.

“सॅडल बदला,” घरात एकमुखानं ठरलं. एकमुख तिथंच संपलं!

“पितळेचं घे,” हे म्हणाले. यांची सगळी नोकरी कारखान्यात लेथवर धातू कातण्यात गेली. यांना शक्य असतं तर उशीसुद्धा पितळेची केली असती. “आणि बसवणार मी. दुसऱ्याचा हात लागता कामा नये.”

“हो,” मी म्हणाले.

“वहिनी, दादाचं ऐकू नका,” धाकटे भावजी म्हणाले. ते तीन दिवस इंटरनेटवर वाचत होते आणि आता गिटारच्या जन्माला हजर असल्यासारखे बोलत होते. “हाड! जगातले सगळे जाणकार हाडच लावतात.”

“हो,” मी म्हणाले.

जुनं सॅडल मापासाठी पिशवीत घालून मी कारागिराकडे गेले. त्यानं ते दोन बोटांत धरून उजेडात पाहिलं.

“ताई, साध्या गिटारला हाड झकास. पण खाली पिकअप असलं की हाड दगा देतं. ते कुठे घट्ट असतं, कुठे भुसभुशीत. मग एक तार ओरडते, दुसरी कुजबुजते. कृत्रिम पट्टी सगळीकडून सारखी. तीच घ्या.”

“हो,” मी म्हणाले. “पण पितळेलाही हो म्हटलंय. आणि हाडालाही.”

“मग नक्की कोणतं?”

“तिघांचंही मन राखायचंय हो.”

त्यानं जुन्या सॅडलवर पेन्सिलीनं तीन भाग आखले. मग म्हणाला, “दोन तारांना पितळ, दोन तारांना हाड, दोन तारांना कृत्रिम. चिकटवून देतो. पण वायर लावून वाजवून बघा बरं का!”

“हो,” मी म्हणाले.

यांनी ते सॅडल दाबून बसवलं. सासूबाईंनी रोज सराव केला, पण त्यांच्या सरावाची आणि माझ्या प्रार्थनेची वेळ एकच. माझं चित्त ढळू नये म्हणून बिचाऱ्यांनी स्पीकर एकदाही लावला नाही. नुसती गिटार गोड वाजत होती. मी देवाचे आभार मानले. घाईच केली!

कार्यक्रमाच्या दिवशी सासूबाई स्टेजवर बसल्या. वायर लावली. बारीक तारांवरची पहिली ओळ त्यांनी छेडली. बोटं हलत होती, आवाज शून्य! मग अंगठा जाड तारेवर पडला.

ढंम्!!

कोणीतरी जिन्यावरून कपाट सोडून द्यावं तसा आवाज! पहिल्या रांगेतल्या एका मैत्रिणीचा चष्मा मांडीवर आला.

“आवाज वाढवा! धून ऐकू येत नाही!” भावजी ओरडले.

“कमी करा! कान फुटतील!” हे ओरडले.

स्पीकरवाल्यानं त्याच्याजवळ बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. “वाढवू का?”

“हो.”

“की कमी करू?”

“हो.”

त्यानं दोन्ही केलं, आळीपाळीनं. मागच्या रांगेतले लोक आपत्कालीन दरवाजा शोधू लागले!

शेवटी सासूबाईंनी वायर उपटली. “ज्यांना ऐकायचंय त्यांनी खुर्च्या पुढे घ्या,” त्या म्हणाल्या. मैत्रिणींनी खुर्च्या ओढल्या, धून पूर्ण झाली, त्यांनी टाळ्याही वाजवल्या. मागच्यांनी त्यांचं बघून वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सगळं घर कारागिराच्या दुकानात! त्यानं आमचं तिरंगी सॅडल काढलं, एकसंध कृत्रिम पट्टी हातात घेतली आणि थांबला. चिमट्यानं पिकअपची पट्टी उचलून त्यानं तिच्या खालून, बरोबर तिसऱ्या तारेच्या जागेवरून, चार घड्यांचा एक कागद बाहेर काढला.

“हे काय? या कागदाच्या उंचवट्यानं पिकअप वाकडं बसलंय. जुन्या सॅडलला काही झालंच नव्हतं की!” त्यानं घडी उलगडली आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचलं, “‘देवा, सासूबाईंची प्रत्येक तार शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाऊ दे.’”

सासूबाईंनी चष्मा लावला, कागद हातात घेतला.

“सूनबाई, हे अक्षर तुझं का गं?”

सहा महिन्यांत प्रथमच तो एक शब्द जिभेच्या अगदी टोकावर येऊन उभा राहिला. पण नेम म्हणजे नेम!