निंबाखाली बसलेली इमारत

दहा मजल्यांहून उंच इमारतींनी उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार झाडाखाली जाऊन बसावं, असा महापालिकेचा नियम निघाला आणि चौदा मजल्यांची ‘क्षितिज’ कौसल्याबाई लांजेवारांच्या अंगणातल्या कडुनिंबाच्या वाट्याला आली.

नियमामागचं कारण सरळ होतं. मोठ्या इमारती पोटातली माणसं गार ठेवायला एवढी वीज खात, की तिकडे कोळसा जळून धूर आभाळात साचे आणि इकडे ऊन आणखी चढे. हा धूर निम्म्यावर आणायचा होता. सावलीत बसलं की काम भागतं, हे कौसल्याबाईंना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांच्या घरातला पंखा पाहुण्यांपुरताच चालायचा, आणि पाहुणे येणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती.

पहिल्या दिवशी इमारत फाटकाशी अवघडून उभी राहिली.

“काऊन वो, उन्हात कायले उभी रायली? ये ना अंदर,” कौसल्याबाई म्हणाल्या.

इमारत आत आली आणि पायऱ्या आवरून बसली. उभी असताना चौदा मजल्यांची असली, तरी बसल्यावर इमारत तेवढी राहत नाही. उंटाचंही तसंच असतं. आतले कर्मचारी जागच्या जागी जरासे कलले आणि काम करत राहिले. कौसल्याबाईंनी रीतीप्रमाणे गुळाचा खडा आणि माठातलं पाणी तिच्या दाराशी ठेवलं. तहानलेल्या पोरीचा घसा हलावा तशी लिफ्ट एकदा वर गेली आणि खाली आली.

मग ते रोजचंच झालं. बाई तांदूळ निवडत बोलायच्या. शेजारच्या शेवंतानं उसना नेलेला पाटा अजून दिला नाही, हे तर रोज सांगायच्या. इमारत मध्ये न बोलता सगळं ऐकून घ्यायची. बाईंच्या आयुष्यात असं करणारी ती पहिलीच.

फक्त एक वाईट होतं. सावलीत बसूनही तिचे एसी घुरघुरतच राहायचे. महापालिकेचे निरीक्षक डांगरे मीटर घेऊन आले आणि खाटेवर टेकले.

“आजी, हिच्यात सुधारणा नाही. येत्या शनिवारी शेवटची तपासणी. चार वाजेपर्यंत एसी बंद ठेवून बसली तर पास. नाही तर पाडायचा हुकूम आहे.”

“अन् पास झाली तं?”

“तर सुटली. मग इथं यायचं कारण नाही. तुमचंही अंगण मोकळं होईल.”

अंगण मोकळं व्हावं, असं कौसल्याबाईंना मुळीच वाटत नव्हतं. पण त्या उठल्या, इमारतीला हात लावला आणि तव्यावरून काढावा तसा मागे घेतला.

“साहेब, हे काय घातलं जी हिच्या अंगावर?”

“काच आहे. चारही बाजूंनी. आधुनिक पद्धत.”

“वैशाखात काचेचे कपडे? ज्यानं शिवले, त्याले ते घालून एक दुपार डांबरी रोडवर उभं करा. मंग विचारा, आधुनिक वाटते का म्हणून!”

तशी तरतूद नियमात नाही, असं डांगरे यांनी सांगितलं.

ते गेल्यावर बाईंनी पेटी उघडली. सुती लुगडी होती तेवढी सगळी बाहेर काढली आणि एकाला एक टाचत बसल्या. शेवंता आपली लुगडी घेऊन आली. पाटा मात्र आणला नाही. शेवटी पश्चिमेची बाजू उघडी राहिली, तेव्हा बाईंनी पेटीच्या तळातून एक कोरं लुगडं काढलं.

“बाई! हे तं तुम्ही मेल्यावर नेसवाले ठेवलं होतं ना?”

“मले तवा कुठचं ऊन लागणार हाय? हिले आत्ता लागून रायलं.”

शनिवारी दोघींनी लुगडी भिजवून दिली आणि आतल्या कर्मचाऱ्यांनी ती खिडक्यांतून वर ओढून घेतली. इमारत नखशिखांत नेसली. डांगरे मीटरवर डोळे लावून बसले. ऊन टळटळीत असताना सहाव्या मजल्यावरचा एक एसी घुरघुरला. कौसल्याबाईंनी भिंतीवर हळूहळू थोपटलं.

“नाही माय, नाही. थोडंसंच रायलं आता.”

एसी गप्प झाला. चार वाजले. “पास,” डांगरे म्हणाले.

इमारत उठली. ओल्या लुगड्यांतून पाणी टपकत थोडा वेळ फाटकाशी थांबली आणि मग आपल्या जागेवर निघून गेली. लुगडी सोडवून घ्यायचं बाईंनी नावही काढलं नाही. शेवंता काही म्हणायला गेली, तर तिच्यावरच ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पाणी भरून ठेवलं नाही. गुळाचा डबाही फळीवरच राहिला. खाट ओढून त्या पाठ फिरवून पडल्या.

फाटक वाजलं.

क्षितिज लुगड्यातच आली होती. तिच्या मागे बांबूंची परांची सावरत एक अर्धवट इमारत लाजत उभी होती. सात मजले झालेले, अंगावर अजून काच चढायची होती. आणि दोघींच्या मागून घामाघूम डांगरे.

“आजी, हिची मुदत संपली. आणि ही धाकटी तर दहा मजल्यांचीही नाही, तिला नियमच लागू नाही. नोंदवहीत यांना दाखवू कशात?”

“पाहुणे म्हणून दाखवा.”

“तशी सोय नाही.”

“मंग दाखवूच नका ना बाप्पा!”

डांगरे यांनी विचार केला आणि तसं करता येईल, असं सांगितलं.

कौसल्याबाईंनी खाट उन्हाच्या कडेला सारून जागा केली. धाकटीच्या उघड्या विटांवरून हात फिरवला.

“काच लावू देल्ली नाही ना अजून? शहाणी माय ती.” मग कुंपणावरून हाक मारली, “शेवंते, लुगडे काढ! अन् येतानी पाटा घेऊन ये!”

दोघी इमारती निंबाखाली बसल्या. कौसल्याबाई घरात गेल्या आणि त्यांनी पंखा लावला.