पिवळ्या साथीचे निदान

रुग्णाला वैद्याच्या ज्ञानाची गरज असते, देहाची नव्हे, हे मी माझ्या प्रबंधात निर्विवादपणे सिद्ध केले होते. जालना जिल्ह्यात, टेंभुर्णीच्या अलीकडच्या एका गावी दवाखान्यातील डॉक्टरांची जागा कित्येक वर्षे रिकामी होती. त्यामुळे वरच्या कार्यालयाला माझा सिद्धान्त विलक्षण पटला. २००४ सालचा दसरा सरताच तिथे संगणक आणि कॅमेरा सुरू झाला, अन् पडद्यावर शहरातले डॉक्टर अवतरले.

पहिल्या रुग्ण साळूबाई. उजव्या कुशीत असह्य कळ.

"डॉक्टर कुठंय?"

"समोर." मी पडद्याकडे बोट दाखवले.

"आन् पोटाला हात कोन लावीन?"

मी प्रगतीचा इतिहास सांगू लागलो, तोच पडदा वदला, "बाईंना कावीळ आहे."

मागे वसंता खरूज दाखवायला उभा होता. त्यालाही कावीळ. पाणी घेऊन आलेला शिपाई कडूबा, त्यालाही. काय चालले आहे हे पाहण्यासाठी मी कॅमेऱ्यासमोर डोकावलो, तसा पडदा म्हणाला,

"सर, तुमची तर फारच पुढे गेलीय."

मागची भिंतही पिवळीच दिसत असणार. पण सरकारी भिंतीबद्दल कोण शंका घेतो?

डॉक्टरांनी साथ जाहीर केली. जी जीप वर्षानुवर्षे अर्जांनी हलली नव्हती, ती जालन्याहून दुपारीच आली. तीतून एक खऱ्या डॉक्टरीणबाई उतरल्या. त्यांनी सर्वांचे डोळे पाहिले, पांढरे स्वच्छ. मग साळूबाईंचे पोट दाबले आणि डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला.

"अपेंडिक्स फुटायच्या बेतात आहे. आत्ताच्या आत्ता जीपमध्ये घ्या."

निघताना त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिले. "याला काय फासलंय?"

"हळद, बाई," कडूबा म्हणाला. "खंडेनवमीला हत्याराची पूजा न्हाई का करत? समद्या मशिनीला बोट लावलं. ह्यो तर डोळा, म्हनून जरा बराबर लावलं."

साळूबाई जीपमधून कण्हत म्हणाल्या, "बाई, तुमी आता हितंच ऱ्हानार का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी चष्मा पुसू लागलो.

साळूबाई वाचल्या. घडले ते मी जसेच्या तसे वर कळवले. उत्तर तत्परतेने आले: कॅमेऱ्यामुळे अत्यवस्थ रुग्णास वेळीच उपचार मिळाले, सबब योजना यशस्वी; डॉक्टरांचे पद अनावश्यक ठरल्याने कायमचे रद्द.

त्या गावात आता कोणतीही जागा रिकामी नाही.